वाड्यावरची टकळी

(मंडळाच्या कडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. छपाईसाठी काही वाक्ये नीट करून घेतली आहेत.)



मंडळाच्या चिटणिसांनी मला 'समाजातील शिक्षण' या विषयावर बोलावयास सांगितले होते. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, तेव्हा त्यांची अपेक्षा रास्तच होती. परंतु त्या विषयावर बोलावयास माझ्याहून पुष्कळ अधिक शिकलेली माणसे आज येथे बसलेली आहेत. मी आपला जुना मॅट्रिक. म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय थोडा बदलून घेतला आहे. लोकर कातणे, आणि ती कातीत असता आपली माणसे घरापासून लांब, परमुलखात, दिवस कसे काढीत, याविषयी मला बोलावयाचे आहे. बोलता बोलता गाडी शेवटी शिक्षणावरच येईल. त्याला माझा इलाज नाही.

येथे जमलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी धनगरवाडा पाहिला असेल तो मोटारीच्या काचेतून. रस्त्यात मेंढरे आडवी आली, ड्रायव्हरने भोंगा वाजविला, दोन मिनिटे खोळंबा झाला, इतकीच त्यांची आणि वाड्याची भेट. आता तर कड्याला आगगाडीही आली आहे. २३ सप्टेंबर १९२२ नव्हे, २०२२ रोजी नगर-आष्टी मार्गावर पहिली गाडी धावली (शंभर वर्षांची चूक जिभेवर येते, कारण या गाडीची वाट पाहण्यात आमच्या पिढीचे आयुष्य गेले), आणि आता खांड घेऊन जाणाऱ्याला फाटकाशीही थांबावे लागते. तेव्हा वाडा म्हणजे काय, हे आपल्याच मुलांना सांगण्याची वेळ आली आहे.

आमचा वाडा पाच बिऱ्हाडांचा. दसरा झाला की घोडीच्या पाठीवर संसार चढावयाचा. तळाशी धान्याची पोती, त्यावर भांडी, त्यावर अंथरूण, सर्वांत वर कोंबड्यांचे खुराडे, आणि दोहो अंगांना झोळ्यांत नुकतीच झालेली कोकरे. माझा धाकटा भाऊ चालू लागेपर्यंत याच वाहनातून फिरला. एका झोळीत तो आणि दुसरीत कोकरू, म्हणजे भार सारखा राही. आम्ही सीना ओलांडीत असू. ही नदी काही अंतर आपल्या आष्टी तालुक्याची आणि नगर जिल्ह्याची हद्द होऊन वाहते, आणि लहानपणी मला ती खरोखरीच दोन देशांमधली सीमा वाटे. पलीकडे गेले की माणसे तीच, बोली तीच, परंतु ओळख संपलेली. तेथून कर्जत, श्रीगोंदे करीत भीमेच्या खोऱ्यात उतरावयाचे आणि मृग निघण्याच्या आत परत फिरावयाचे. सात-आठ महिने घर म्हणजे तीन दगडांची चूल, वर एक पाल, आणि मेंढरांभोवती लावलेली वाघर.

शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेई. रात्रभर मेंढरे बसली की सकाळी जमिनीला लेंडीखत आणि मुताचा ओलावा मिळे. त्याबद्दल ज्वारी-बाजरी मिळे, कोठे गूळ, कोठे नुसताच चहा. या देवघेवीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे विद्वान गुंथर सोंथायमर हे आपल्या वाड्यांवर येऊन बसत, बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबाच्या कथा आणि ओव्या टिपून घेत. १९९२ साली ते वारले. त्यांच्या ग्रंथांतून आपल्या देवांची माहिती साऱ्या जगाला झाली. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु देवांच्या कथा जशा लिहिल्या गेल्या, तशा आईच्या हाताच्या गोष्टी लिहिल्या गेल्या नाहीत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

माझ्या आईचे हात रिकामे मी पाहिले नाहीत. चूल, पाणी, आजारी मेंढीची देखभाल, गावात जाऊन दळण आणणे, हे सर्व आटोपून जो वेळ उरे त्याला आपण विसावा म्हणू. त्या वेळी तिच्या हाती टकळी असे. वाटेने चालतानाही असे. वडीलही खांडामागे चालताना कातीत, काठी काखेत धरून. डाव्या मनगटाला पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी, उजव्या हाताने टकळीला एक गिरकी, आणि पाय आपले चालतच. सूत लांबत जाई, टकळी जमिनीकडे उतरे, टेकण्याच्या आत तिला वर घेऊन सूत गुंडाळावयाचे आणि पुन्हा गिरकी. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत पाच कोस वाट असली तर आई ती कोसांनी सांगत नसे. 'दोन गुंडाळ्यांची वाट हाय,' असे म्हणे.

लोकरीचा हिशेब येथे सांगून ठेवतो, कारण तो सांगणारी माणसे थोडी उरली. आपली मेंढी दख्खनी जातीची. काळी, काटक, लांब चालणारी. वर्षातून दोनदा कातरणी. कातरण्यापूर्वी मेंढरे नदीच्या डोहात धुऊन घ्यावयाची, म्हणजे माती आणि काटेकुसळे जातात. एका कातरणीला एका मेंढीपासून लोकर निघते पाव किलोच्या आसपास, फार तर थोडी अधिक. मध्यम आकाराच्या एका घोंगडीला दोन-अडीच किलो सूत लागते. म्हणजे एक घोंगडी ही आठ-दहा मेंढ्यांची सहा महिन्यांची वाढ होय. आणि ते सूत कातावयास, इतर सर्व कामे सांभाळून, आईला महिना-सव्वा महिना लागे. कोकराची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती वेगळी ठेवीत. ती मऊ असते. तिची घोंगडी बाळंतिणीसाठी किंवा जावयासाठी. जावयाला मिळाली की बाळंतिणीला मिळत नसे, हे ओघाने आलेच.

परतल्यावर सूत सनगराकडे जाई. त्या समाजाची विणकरी ही आपल्या व्यवसायाची दुसरी बाजू आहे. आपण सूत द्यावे, त्यांनी कापड द्यावे. सनगर प्रथम ताणा लावी. गल्लीभर खुंट्या ठोकून काळे सूत ताणलेले असे. मग चिंचोके भाजून, फोडून, शिजवून केलेली खळ त्यावर कुंच्याने फिरवावयाची आणि उन्हात वाळवावयाची. चिंचोक्याच्या खळीने सुताला कडकपणा येतो, मागावर ते तुटत नाही, उसवत नाही. तो शिजलेल्या चिंचोक्याचा वास अजूनही माझ्या नाकात आहे. विणून झालेली घोंगडी प्रथम फार टोचते. एक पावसाळा वापरली की अंगाची होते. तिच्यातून पाऊस चटकन आत येत नाही, कारण लोकरीच्या केसाला मुळातच एक तेलकटपणा असतो, आणि केस ओला झाला की फुगतो व विणीतील भोके बुजतात. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा लोकर पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. हे मला पुस्तकांत फार उशिरा वाचावयास मिळाले. वडील भर पावसात घोंगडीची खोळ करून रात्र रात्र उभे राहत, तेव्हा हे शास्त्र त्यांच्या डोक्यावरच असे.

आता शाळेकडे येतो.

सातव्या वर्षी मला वाड्यावरून काढून कड्याला आजीजवळ ठेवण्यात आले. आपल्या घरातला एक तरी मुलगा शिकावा, हा वडिलांचा निश्चय. ज्यांच्या खांडातील मेंढरे मोजताना एक चुकत नसे त्यांना सही येत नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना फार लागत असे. तिसरी-चौथीत असताना आम्हांला सूतकताईचा तास होता. महात्माजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाची कल्पना मांडली. हाताला काम देऊन त्यातूनच भाषा, गणित, भूगोल शिकवावा, असा तिचा गाभा. आमच्यापर्यंत ती येता येता फक्त टकळी उरली होती. पितळेची चकती, लोखंडी तार, कापसाचे पेळू. मला वाटले, शाळेत आपल्याला येणारी एक तरी गोष्ट निघाली! मी मोठ्या ऐटीत टकळी हवेत सोडून गिरकी दिली आणि सूत तुटले. पुन्हा दिली, पुन्हा तुटले. वर्ग हसला. कापसाचा तंतू आखूड असतो. त्याला टकळीचा भार सोसत नाही, म्हणून ती टकळी वाटीत किंवा करवंटीत टेकवून फिरवावयाची असते. लोकरीचा केस लांब, तो टकळी अधांतरी पेलतो. शिक्षकांनाही हा फरक ठाऊक नव्हता. ते म्हणाले, "धनगराच्या पोराला साधं सूतसुद्धा काढता येईना!" पुढे मला कापूस कातता येऊ लागला, त्यात गुणही मिळाले, सहाशे चाळीस तारांची गुंडी मी वर्गात प्रथम पुरी केली. परंतु दिवाळीच्या सुटीत वाड्यावर गेलो तेव्हा आईच्या टकळीला मी हात लावला नाही. माझ्या दृष्टीने सूतकताई ही शाळेतली, पितळी चकतीची. आईची ती मेंढरामागची.

बंधुभगिनींनो, हा मुद्दा मला कळावयास किती वर्षे लागावीत? मॅट्रिक झालो, डी.एड. केले, जिल्हा परिषदेचा शिक्षक झालो. मुलांना कोठारी आयोगाने सांगितलेला कार्यानुभव शिकवू लागलो. कागदाची फुले, खडूचे साचे, मातीची फळे. आणि मग ही गोष्ट घडली.

१९९४ चा सुमार असेल. आपल्याच तालुक्यातील एका वस्तीवर मी एकशिक्षकी शाळा चालवीत होतो. शेजारच्या रानात वाडा उतरला. मी स्वतः पालांवर जाऊन मुले मागितली. मला अभिमान होता की आपल्या समाजाचा गुरुजी म्हटल्यावर आईबाप मुले देतात. दोन मुलगे आणि एक मुलगी आली. मुलगी आठ-नऊ वर्षांची. अक्षरओळख नव्हती, पण पाढे असे भराभर उचलले की मी थक्क झालो. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहतो तो ही शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली आहे, तोंडाने पाढा चालू आहे आणि मांडीआड टकळी फिरते आहे. त्याच आठवड्यात तपासणी होती. मी तिच्या हातातून टकळी काढून घेतली.

ती म्हणाली, "गुरुजी, आईनं सांगितलंय, एवढी लोकर आज सरली पायजे."

मी म्हणालो, "शाळेत हे चालत नाही. शनिवारी घरी जाताना घेऊन जा."

मी ती कपाटात ठेवली. तुम्हांला खरे सांगतो, त्याच कपाटाच्या खालच्या खणात, आधीच्या काळातल्या शासकीय पुरवठ्याच्या वीस-पंचवीस पितळी टकळ्या गंजून पडलेल्या होत्या. त्यांची नोंद माझ्या साठा-वहीत होती आणि दर वर्षी मी ती सही करून तपासणीस दाखवीत होतो. हिची टकळी बाभळीच्या काडीची आणि लाकडी चकतीची. ती त्यांच्याच वर ठेवली, दार लावले, आणि मला त्यात काही विशेष दिसले नाही.

शुक्रवारी रात्री अवकाळी पाऊस झाला. शनिवारी सकाळी रान मोकळे होते. वाडा हलला होता. महिनाभर मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत राहिलो, आणि मग नियमाप्रमाणे नाव कमी केले. टकळी माझ्याकडे राहिली.

त्या मुलीच्या आईला त्या दिवसाचे सूत मिळाले नाही, हे नुकसान लहान नव्हे. पण मला अधिक बोचते ते दुसरेच. वर्ध्याच्या परिषदेपासून जे शिक्षण देशाला हवे म्हणून सांगितले जात होते, हाताने काम करता करता तोंडाने गणित म्हणणारे मूल, ते माझ्या वर्गात आपल्या पायांनी चालत आले होते. आणि मी, मेंढपाळाचा मुलगा, त्याला शिस्त लावली.

यापुढचा इतिहास आपणा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आपली खांडे अर्धी झाली. माझे वडील खडी फोडावयास गेले, आम्ही मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे विहिरी झाल्या, ऊस झाला, कांदा झाला. जी राने दिवाळीनंतर मोकळी पडत ती बारमाही पिकाखाली गेली, आणि रासायनिक खत आल्यावर मेंढरे बसवून घेण्याची गरजही कमी झाली. गायराने आक्रसली. लोकरीचे म्हणाल तर १९६२ साली राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली, १९७८ साली आपल्या राज्याने अहिल्यादेवींच्या नावाने मेंढी व शेळी विकास महामंडळ काढले. परंतु बाजाराचा ओढा मांसाकडेच राहिला. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा गुण दख्खनीत आणून जुळी कोकरे देणारी नारी सुवर्णा जात तयार केली, ती उपयुक्त आहे, आपण तिचा लाभ घेतो. परंतु तीही कोकरांसाठी, लोकरीसाठी नव्हे. आज कातरणाऱ्याला दर मेंढीमागे जे पैसे मोजावे लागतात तेवढेही त्या मेंढीच्या लोकरीचे येत नाहीत. पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईकच येत नाही. कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढे जातो. पावसाने भिजून ती कुजते, हे मी या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात डोळ्यांनी पाहिले आहे.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो, अध्यक्षमहाशयांनी क्षमा करावी. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांना पिवळा फेटा, काठी आणि घोंगडी देऊन सन्मान होतो. २०२५ साली चौंडीच्या लेकीची, पुण्यश्लोक अहिल्यादेवींची, त्रिशताब्दी झाली, तेव्हा तर किती खांद्यांवर किती घोंगड्या पडल्या याची गणती नाही. गेल्या वर्षी याच व्यासपीठावर एक घोंगडी मलाही मिळाली. घरी नेऊन मी तिचा एक धागा काढून जाळला. लोकर जळली तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. मी चौकशी केली. ही घोंगडी पानिपतकडून आलेली. पानिपत म्हटले की मराठी माणसाला दुसरेच काही आठवावे. परंतु आज ते गाव थंड देशांतून आलेले जुने गरम कपडे फाडून, पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून कांबळी विणण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या कामगारांच्या श्रमाला मी नावे ठेवीत नाही. पण आपल्या बांधावर आपली लोकर कुजत असता आपण आपल्याच मानाचे वस्त्र परक्याच्या चिंध्यांचे घालतो, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. तेथे उधळण्यापुरती तरी ती आपली असते.

मी असे म्हणू लागलो की तरुण मंडळी विचारतात, "गुरुजी, आम्हांला पुन्हा मेंढरामागे पाठवता काय?" प्रश्न बरोबर आहे, आणि मी तसे म्हणत नाही. माझी स्वतःची मुले नोकरीत आहेत आणि तेथेच राहावीत. झोळीतले बालपण मला गोड वाटते ते आज. त्या वेळी आईची दोन मुले त्याच प्रवासात, दवाखाना दूर म्हणून, गेली. लांडग्याच्या भयाने रात्रभर जागावयाचे, शेतकऱ्याने शिव्या देऊन मध्यरात्री तळ हलवावयास लावला तर निमूट हलवावयाचा, हे काही गौरवगीत नव्हे. मी वाडा परत मागत नाही. परंतु जे वाडे आजही रस्त्यावर आहेत, आणि ते पुष्कळ आहेत, त्यांच्या हातच्या कामाला आपण, म्हणजे घर बांधून बसलेल्या आपल्या बांधवांनी, मोल द्यावे एवढेच माझे मागणे आहे.

कोणी म्हणेल, या लोकरीचे करावयाचे काय? येथेही भाबडेपणा नको. माझ्या नात्यातील एक सून कॅनडात असते. तेथे सहा महिने बर्फ. एकटेपणावर उतारा म्हणून ती शेजारणींकडून सुयांवरचे विणकाम शिकली. टोप्या, मोजे, स्वेटर विणते. तिने मला पत्राने विचारले, आपल्याकडची लोकर पाठवाल काय? मी एका आजीबाईंकडून कातून घेतलेली लड पाठविली. तिचे उत्तर आले ते प्रांजळ होते. मेरिनो मेंढीच्या लोकरीपेक्षा आपला केस दुपटीहून जाड. त्याचा स्वेटर मुलाने पाच मिनिटेही अंगात ठेवला नाही. मग तिने तो उसवला आणि त्याच सुताची बाजाराची पिशवी विणली. ती दोन हिवाळे झाले तरी तशीच्या तशी आहे. शेजारणी विचारतात, हे रंगविलेले काळे आहे काय? ती सांगते, नाही, मेंढीच काळी आहे. तात्पर्य, आपली लोकर अंगालगत घालावयाची नाही. ती पांघरावयाची, अंथरावयाची, पिशव्या-बैठकी-जाजमांची. तिच्या धर्माप्रमाणे तिला काम द्यावे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस काही उजाड बेटे आहेत. तेथील जाड्याभरड्या लोकरीचे कापड, हॅरिस ट्वीड, जगभर जाते. १९९३ साली त्यांच्या पार्लमेंटने कायदाच केला, की त्या बेटांवरील माणसाने आपल्या घरी हातमागावर विणलेले, तेथेच कातलेल्या नव्या लोकरीचे कापड तेवढेच त्या नावाने विकता येईल. सूत तेथेही आता गिरणीत निघते. त्यांनीही सर्व जुने राखलेले नाही. पण काय राखावयाचे ते त्यांनी ठरविले. आपल्याकडे पैठणीला असे संरक्षण मिळाले आहे, आपल्या बीडच्या सीताफळालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळाला जे मिळते ते घोंगडीला मिळू नये असे नाही. परंतु अर्ज करावयास आधी वस्तू तर हवी!

म्हणून मंडळापुढे मी एक लहान ठराव मांडतो. पुढील वर्षीच्या मेळाव्यात सत्कारासाठी जेवढ्या घोंगड्या लागतील, त्यांतील निम्म्या तरी आपल्या तालुक्यातील लोकरीच्या, हाताने कातलेल्या, सनगर बांधवांनी मागावर विणलेल्या असाव्यात. त्या महाग पडतील. तीन-चार पट पडतील. त्यासाठी कमानी आणि मोठ्या रंगीत फलकांवरचा खर्च थोडा कमी करावा, त्या फलकांवर माझेही छायाचित्र असते तरी माझी हरकत नाही. आणि दुसरे, कातणारीची मजुरी वेगळी काढून तिच्या हाती द्यावी, पावती तिच्या नावाने करावी. आजवर घोंगडीची किंमत कारभाऱ्याच्या हाती पडत आली. महिना-सव्वा महिन्याचे सूत त्या किंमतीत कोठे धरले जाते, हे माझ्या आईला कोणी कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

जेवणानंतर मांडवाच्या मागील बाजूस दोन वयस्कर भगिनी लोकर पिंजून व कातून दाखविणार आहेत. शिक्षक मंडळींनी आपल्या मुलांना घेऊन अवश्य यावे. हातात घेऊन पाहावे, सूत तुटले तर तुटू द्यावे. लोकर पुष्कळ आणली आहे.

आणि ही टकळी मी पिशवीतून आणली आहे. ती त्यांच्या कामात वापरावयाची नाही. हिच्यावर त्या दिवशी कातलेले चार-पाच हात सूत अजून तसेच गुंडाळलेले आहे. त्या मुलीचे नाव मी येथे घेत नाही; आज ती चाळिशीच्या घरात असेल, कदाचित याच मांडवात बसलेल्या एखाद्या घरची सून असेल. १९९४ च्या सुमारास आष्टी तालुक्यात कोणाचा वाडा शुक्रवारी रात्री अवकाळी पावसात हलला आणि मुलीची टकळी शाळेत राहिली, हे ज्यांना आठवत असेल त्यांनी मला संध्याकाळपर्यंत भेटावे. मी शेवटची गाडी जाईपर्यंत येथेच आहे.